व्यायाम आणि प्रतिरक्षा कोशिका

शरीरात शिरलेल्या सूक्ष्मजीवांचा आणि शरीरातच उद्‌भवलेल्या विकृत कोशिकांचा (पेशींचा) प्रतिकार करणाऱ्या कोशिकांची संख्या, त्यांची शरीरातील वाटणी व त्यांची कार्यक्षमता यांवर शारीरिक श्रमाचा होणारा परिणाम, हा या नोंदीचा विषय आहे. वृद्धावस्था आणि मधुमेह, संधिशोथ, हृद्‌विकार, कर्करोग यांसारखे चिरकारी (दीर्घकाल टिकणारे) रोग यांत हा परिणाम विशेष महत्त्वाचा ठरतो.

‘व्यायामाने प्रतिकारशक्ती वाढते’ असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान ढोबळ आहे. प्रतिरक्षा ही एखाद्या साठ्याप्रमाणे वाढणारी वा घटणारी राशी नाही. ती अतिरेकी झाल्यास शरीराच्या स्वतःच्या ऊतकांवरच (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांवरच) हल्ला होतो. ती मंद पण अखंड चेतलेली राहिल्यास रोहिण्या, यकृत, स्नायू इत्यादींची हळूहळू हानी होते. नियमित व्यायामाचा परिणाम मुख्यत्वे तीन प्रकारे दिसून येतो : (१) प्रतिरक्षा कोशिकांचे शरीरातील अभिसरण वाढते, (२) ऊतकांतील मंद दाहयुक्त सूज म्हणजे शोथ कमी होतो आणि (३) वयोमानानुसार प्रतिरक्षा तंत्रात होणारे काही बदल मंदावतात. हे सर्वच बदल व्यायामाने टळतात असे मात्र नाही.

प्रतिरक्षा कोशिकांचे प्रकार : रक्तातील श्वेत कोशिका प्रामुख्याने अस्थिमज्जेत तयार होतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्ताच्या प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये त्या सामान्यतः ४,००० ते ११,००० असतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल कोशिका सर्वांत अधिक असून त्या सूक्ष्मजंतूंचे भक्षण करतात. एककेंद्रक कोशिका रक्तातून ऊतकांत शिरल्यावर त्यांचे महाभक्षी कोशिकांत रूपांतर होते. विषाणुबाधित व कर्करोगी कोशिकांचा पूर्वपरिचयाशिवाय नाश करणाऱ्या लसीका कोशिकांना ‘नैसर्गिक मारक कोशिका’ म्हणतात. उरलेल्या लसीका कोशिकांपैकी बी कोशिका प्रतिपिंडे निर्माण करतात, तर टी कोशिका बाधित कोशिका नष्ट करतात व इतर कोशिकांचे नियंत्रण करतात. टी कोशिकांची परिपक्वता उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत होते [⟶ यौवनलोपी ग्रंथी]. शरीरातील एकूण लसीका कोशिकांपैकी केवळ सु. २% कोशिका कोणत्याही एका क्षणी रक्तात असतात. उरलेल्या प्लीहा, लसीका ग्रंथी, आतडे, अस्थिमज्जा इ. ठिकाणी असतात. व्यायामानंतरच्या रक्तपरीक्षेचा अर्थ लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. पुढे वर्णन केलेला या क्षेत्रातील मोठा गैरसमज ती दुर्लक्षिल्यामुळेच निर्माण झाला.

इतिहास : तीव्र श्रमानंतर रक्तातील श्वेत कोशिका वाढतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. बॉस्टन येथील मॅराथॉन शर्यतीतील धावकांच्या रक्ताची तपासणी करून आर. सी. लॅराबी यांनी १९०२ मध्ये या वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बराच काळ या निरीक्षणाकडे एक नोंद एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या विषयास वेगळे वळण लागले. १९८७ मधील लॉस अँजेल्स मॅराथॉनसाठी नाव नोंदविलेल्या २,३११ धावकांची पाहणी डेव्हिड नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात, धावलेल्यांपैकी १२·९% व्यक्तींनी संसर्गजन्य आजार झाल्याचे कळविले. तेवढाच सराव असूनही प्रत्यक्ष न धावलेल्यांत हे प्रमाण २·२% होते. मोठ्या श्रमानंतर काही तासांनी रक्तातील लसीका कोशिका मूळ पातळीपेक्षाही कमी होतात, हे ज्ञात होतेच. या दोहोंची सांगड घालून, दमविणाऱ्या व्यायामानंतर संसर्गाला काही काळ ‘खिडकी उघडी’ राहते, अशी परिकल्पना १९९० नंतरच्या दशकात मांडण्यात आली. तिचा प्रभाव खेळाडूंपुरता मर्यादित राहिला नाही. श्रमाने प्रतिकार खचतो व म्हणून वृद्धांनी आणि रोग्यांनी विश्रांतीच घ्यावी, या जुन्या समजुतीलाही तिच्यामुळे शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले.

पुढील संशोधनाने ही परिकल्पना बऱ्याच अंशी दुबळी ठरविली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील जॉन कॅम्बेल व जेम्स टर्नर यांनी २०१८ मध्ये उपलब्ध पुराव्याचे पुनःपरीक्षण केले. धावकांनी स्वतः सांगितलेल्या घसादुखीसारख्या तक्रारींची प्रयोगशाळेत क्वचितच शहानिशा झाली होती, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय शर्यतीच्या वेळची गर्दी, प्रवास, अपुरी झोप व मानसिक ताण ही संसर्गाची स्वतंत्र कारणे असू शकतात. रक्तातून कमी झालेल्या कोशिका नष्ट झालेल्या नसून अन्यत्र गेलेल्या असतात, हा त्यांचा प्रमुख मुद्दा होता.

एका व्यायामसत्राचा परिणाम : विश्रांतीच्या वेळी अनेक श्वेत कोशिका रक्तवाहिन्यांच्या भित्तींना, तसेच प्लीहा व फुप्फुसे यांतील सूक्ष्म वाहिन्यांत चिकटून असतात. व्यायाम सुरू होताच हृदयाची गती व रक्तप्रवाह वाढतो आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन हे हॉर्मोन स्रवू लागते. नैसर्गिक मारक कोशिका व मारक टी कोशिका यांच्या पृष्ठभागावर ॲड्रेनॅलिनाला प्रतिसाद देणारी ग्राहके मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे भित्तींपासून सुटून प्रवाहात येणाऱ्या लसीका कोशिकांत त्यांचाच भरणा अधिक असतो. जोरदार व्यायामात रक्तातील नैसर्गिक मारक कोशिकांची संख्या काही मिनिटांत कित्येक पट होते. न्यूट्रोफिल कोशिकांची वाढ मात्र व्यायाम संपल्यावरही काही तास चालू राहते. कॉर्टिसॉल या हॉर्मोनाच्या प्रभावाने त्या अस्थिमज्जेतून बाहेर येत असल्यामुळे असे होते.

व्यायाम थांबल्यावर एक ते दोन तासांत रक्तातील लसीका कोशिका मूळ संख्येहून कमी होतात व साधारणतः २४ तासांत पूर्वपदावर येतात. या अवधीत त्या कोठे जातात, याचा शोध प्राण्यांवरील प्रयोगांत घेण्यात आला. जर्मनीतील कार्स्टेन क्र्यूगर व सहकाऱ्यांनी चिन्हित केलेल्या टी कोशिका उंदरांच्या शरीरात सोडून त्यांना चालत्या पट्ट्यावर धावविले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात व्यायामानंतर त्या कोशिका फुप्फुसे, अस्थिमज्जा व आतड्यातील लसीकाभ ऊतक या ठिकाणी अधिक प्रमाणात आढळल्या. फुप्फुसे व आतडे ही बाहेरील जंतूंच्या प्रवेशाची प्रमुख ठिकाणे होत. म्हणून रक्तातील ही तात्पुरती घट प्रतिरक्षेच्या ऱ्हासाची निदर्शक नसून पहाऱ्यावरील कोशिका मोक्याच्या जागी पोहोचल्याचे लक्षण असावे, असे आता बहुतेक तज्ञ मानतात. असे प्रत्येक सत्र अल्पजीवी असते. परंतु आठवड्यातून अनेक वेळा व वर्षानुवर्षे ते घडत राहिल्यास या गस्तीचा एकत्रित लाभ होत असावा.

स्नायूंचे कार्य : कंकाल स्नायू प्रौढ शरीराच्या वजनाच्या सु. ४०% असतात. ते केवळ हालचालीचे साधन नसून आकुंचनाच्या वेळी अनेक प्रथिने रक्तात सोडतात. डेन्मार्कमधील बेंटे क्लारलुंड पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास असे दाखविले की, श्रम करणाऱ्या पायाच्या स्नायूंतून इंटरल्यूकीन–६ हे प्रथिन बाहेर पडते. दीर्घकाळ चाललेल्या तीव्र श्रमात रक्तातील त्याची पातळी शंभर पटीपर्यंत वाढू शकते. स्नायूंपासून निघणाऱ्या अशा संदेशवाहक प्रथिनांना पुढे ‘मायोकाइन’ हे नाव देण्यात आले.

या शोधाने एक कोडे उभे राहिले. वृद्ध, लठ्ठ व मधुमेही व्यक्तींच्या रक्तात इंटरल्यूकीन–६ सतत थोडे वाढलेले असते व ते शोथाचे निदर्शक मानले जाते. मग व्यायामातील त्याची मोठी वाढ हितकारक कशी? याचे उत्तर संदर्भात आहे. शोथात हे प्रथिन महाभक्षी कोशिकांतून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (यापुढे टीएनएफ) या शोथकारक प्रथिनाच्या जोडीने येते व दीर्घकाळ टिकते. व्यायामात ते एकटे येते, काही तासांत ओसरते आणि त्यापाठोपाठ इंटरल्यूकीन–१० यासारखी शोथशामक प्रथिने वाढतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना सूक्ष्मजंतूंच्या आवरणातील विष अल्प प्रमाणात टोचण्यात आले. विश्रांतीत असताना त्यांच्या रक्तातील टीएनएफ दोन ते तीन पट वाढले. तीन तास सायकल चालविण्याच्या सत्रात तेच विष टोचले असता ही वाढ जवळजवळ झालीच नाही. व्यायामाऐवजी केवळ इंटरल्यूकीन–६ शिरेवाटे दिले असताही तसाच परिणाम दिसला.

वार्धक्य : वयोमानाप्रमाणे प्रतिरक्षा तंत्रात होणाऱ्या बदलांची सुरुवात यौवनलोपी ग्रंथीत होते. या ग्रंथीचे प्रतिरक्षेतील कार्य झाक मिलर यांनी १९६१ मध्ये प्रथम दाखवून दिले. नावाप्रमाणेच ही ग्रंथी यौवनावस्थेनंतर आकसत जाते व तिची जागा वसा ऊतक घेते. परिणामी, पूर्वी कधीही न भेटलेल्या जंतूंना ओळखू शकणाऱ्या नवजात टी कोशिकांची भर कमी होते. दुसरीकडे, शरीरात जन्मभर सुप्त राहणाऱ्या विषाणूंशी वारंवार सामना करून टी कोशिकांचे काही वंश फाजील वाढतात. सायटोमेगॅलो व्हायरस हा यांपैकी प्रमुख होय; भारतातील बहुसंख्य प्रौढांना त्याची बाधा झालेली असते. अशा जीर्ण कोशिकांची विभाजनक्षमता संपत आलेली असते. मात्र त्या शोथकारक प्रथिने स्रवत राहतात. न्यूट्रोफिल कोशिकांची संख्या टिकून असली, तरी संसर्गाच्या जागेकडे नेमकेपणाने सरकण्याची त्यांची क्षमता घटते. यांमुळे वृद्धांत फुप्फुसशोथ व नागीण यांचे प्रमाण वाढते, तर लशींचा परिणाम कमी होतो. इटालियन शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी वार्धक्यातील मंद व सार्वदेहिक शोथाची संकल्पना २००० मध्ये मांडली. तिला मराठीत ‘शोथवार्धक्य’ म्हणता येईल.

यांपैकी कोणते बदल केवळ वयाचे व कोणते निष्क्रियतेचे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठ व लंडनचे किंग्ज कॉलेज येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी केली. त्यांनी प्रौढ वयाचा बराच काळ नियमित सायकल चालविली होती. त्याच वयाच्या निष्क्रिय व्यक्तींशी व २० ते ३६ वर्षांच्या तरुणांशी त्यांची तुलना करण्यात आली. सायकलपटूंच्या रक्तात यौवनलोपी ग्रंथीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी कोशिका निष्क्रिय वृद्धांपेक्षा बऱ्याच अधिक आढळल्या. या ग्रंथीस पोषक असणाऱ्या इंटरल्यूकीन–७ ची पातळीही त्यांच्यात अधिक होती. जीर्ण मारक टी कोशिकांच्या संचयात मात्र दोन्ही वृद्ध गटांत फरक आढळला नाही. म्हणजे नव्या कोशिकांची आवक व्यायामाने टिकत असावी, पण जुन्यांचा साठा हटत नाही, असे या अभ्यासावरून दिसते.

लशीला मिळणारा प्रतिसाद ही प्रतिरक्षेची अधिक व्यवहारोपयोगी कसोटी होय. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या २००९ मधील चाचणीत बैठे जीवन जगणाऱ्या १४४ वृद्धांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने दहा महिने हृदयाचा दम वाढविणारा व्यायाम केला, तर दुसऱ्याने केवळ लवचिकता व तोल यांचे व्यायाम केले. इन्फ्ल्यूएंझाची लस टोचल्यानंतर सुरुवातीचा प्रतिसाद दोन्ही गटांत सारखाच होता. परंतु २४ आठवड्यांनंतर संरक्षक पातळीची प्रतिपिंडे टिकून राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात अधिक होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०१२ मधील चाचणीत पन्नाशीवरील १४९ व्यक्तींचा समावेश होता. आठ आठवड्यांच्या व्यायाम-प्रशिक्षणानंतर, एका हिवाळ्यात, ४७ जणांच्या व्यायाम गटात श्वसनमार्गाच्या तीव्र आजाराचे एकूण २४१ दिवस नोंदले गेले. ५१ जणांच्या तुलना गटात ते ४५३ होते. ध्यानधारणा शिकविलेल्या तिसऱ्या गटातही जवळजवळ तेवढीच घट आढळली. त्यामुळे या लाभात ताण कमी होण्याचाही वाटा असू शकतो.

उलटपक्षी, विश्रांतीची किंमत किती लवकर मोजावी लागते, हे २०१३ मधील एका छोट्या प्रयोगात दिसून आले. सत्तरीच्या आसपासच्या निरोगी व्यक्तींनी रोजचे चालणे दोन आठवडे सु. तीन चतुर्थांशाने कमी केले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान सु. ४% घटले, इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि रक्तातील शोथनिदर्शक प्रथिने वाढली. रुग्णालयातील मुक्काम किंवा किरकोळ आजारानंतरची अनावश्यक विश्रांती वृद्धांना का मानवत नाही, याचे हे एक कारण असावे.

चिरकारी रोग : (अ) मेदोवृद्धी व मधुमेह : वसा ऊतक हे निष्क्रिय कोठार नाही. लठ्ठ प्राण्यांच्या वसा ऊतकातून टीएनएफ निर्माण होते व त्यामुळे इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा येतो, हे १९९३ मध्ये दाखविण्यात आले. त्या ऊतकात महाभक्षी कोशिकांची गर्दी होते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. उदरपोकळीतील वसा या दृष्टीने विशेष घातक असते. बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही ती अधिक असू शकते, याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी लक्ष वेधले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच (२२·३) असलेल्या एका ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या शरीरात ९·१%, तर स्वतः याज्ञिक यांच्या शरीरात २१·२% वसा असल्याची २००४ मधील तुलना प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत बारा आठवड्यांच्या सायकल-व्यायामाने उदरातील वसा घटली. मात्र इंटरल्यूकीन–६ चे कार्य रोखणारे औषध दिलेल्या गटात ही घट झाली नाही. स्नायूंतील हे प्रथिन व्यायामाच्या लाभातील एक आवश्यक दुवा आहे, याचा तो पुरावा होय. मधुमेहात क्षयरोगाचा धोका सु. तिप्पट होतो. त्यामुळे रक्तातील ग्लुकोजाचे नियंत्रण हाही भारतात प्रतिरक्षेचाच प्रश्न ठरतो.

(आ) संधिवाताभ संधिशोथ : या रोगात प्रतिरक्षा कोशिका सांध्यांवर हल्ला करतात, म्हणून पूर्वी सांध्यांना विश्रांती देण्यावर भर असे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बारा रुग्णांनी दहा आठवडे जलद व मंद चालण्याचा आलटून-पालटून व्यायाम केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात रोगाची तीव्रता कमी झाली व त्याच वेळी न्यूट्रोफिल कोशिकांचे सूक्ष्मजंतूंकडे सरकणे व भक्षण करणे सुधारले. अतिरेक घटणे व क्षमता वाढणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, हे यातून सूचित होते.

(इ) कर्करोग : कोपनहेगन येथील २०१६ च्या प्रयोगात चक्रात धावणाऱ्या उंदरांतील अर्बुदांची वाढ ६०% हून अधिक कमी झाली. ॲड्रेनॅलिनाने अभिसरणात आणलेल्या नैसर्गिक मारक कोशिका इंटरल्यूकीन–६ च्या साहाय्याने अर्बुदात शिरत होत्या. या कोशिका काढून टाकल्यावर लाभही नाहीसा झाला. मानवातील महत्त्वाचा पुरावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बृहदांत्राच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व रासायनी चिकित्सा झालेल्या ८८९ रुग्णांच्या चाचणीत, तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०·३% व्यक्ती पाच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या. केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण ७३·९% होते. हा लाभ प्रतिरक्षा कोशिकांमुळेच झाला, असे या चाचणीवरून ठरत नाही.

प्रमाण व दक्षता : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम (उदा., भरभर चालणे) किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. वृद्धांनी तोल सांभाळण्याच्या व्यायामाची तीन दिवस जोड द्यावी. चिरकारी रोग असलेल्यांसाठीही हेच प्रमाण सुचविले असून ते न जमल्यास झेपेल तेवढी हालचाल करावी, असे म्हटले आहे. महाराष्ट्रासह भारताच्या चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५४·४% व्यक्ती शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय आढळल्या होत्या. म्हणून बहुसंख्यांच्या बाबतीत धोका अतिव्यायामाचा नसून त्याच्या अभावाचा आहे.

तथापि काही दक्षता आवश्यक आहेत. ताप, अंगदुखी वा धाप असताना जोरदार व्यायाम टाळावा. कॉक्सॅकी विषाणूची बाधा केलेल्या उंदरांना सक्तीने पोहावयास लावल्यास हृद्‌स्नायूंचा शोथ बळावतो, हे १९७० मधील प्रयोगांत दिसले होते. हृद्‌विकार, अनियंत्रित मधुमेह, रासायनी चिकित्सा चालू असणे इ. परिस्थितींत वैद्यकीय सल्ल्याने व हळूहळू सुरुवात करावी. व्यायाम हा लस वा औषध यांचा पर्याय नाही.

पुराव्याच्या मर्यादा : या विषयातील अनेक निष्कर्ष निरीक्षणात्मक पाहण्यांवर आधारलेले आहेत. उदा., कॅलिफोर्नियातील ४८,४४० कोविड–१९ रुग्णांच्या २०२१ मधील पाहणीत सातत्याने निष्क्रिय असलेल्यांत मृत्यूचा संभव नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या सु. अडीच पट आढळला. परंतु मुळातच अधिक निरोगी असलेली माणसे अधिक हालचाल करतात, हा दोष अशा पाहणीतून पूर्णपणे काढता येत नाही. नियंत्रित चाचण्या बहुधा लहान व अल्पमुदतीच्या आहेत. मानवात मोजमाप मुख्यतः रक्तापुरते असते, तर प्रतिरक्षेचे बरेचसे कार्य ऊतकांत चालते. या मर्यादा लक्षात घेऊनही, मध्यम व नियमित व्यायामामुळे वृद्धांची वा चिरकारी रुग्णांची प्रतिरक्षा खचते, असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. उपलब्ध पुराव्याचा कल बहुतांशी उलट दिशेने आहे.